गाडीत मावली ती पेटी

लवॉनची पेटी शाळेनं कायमची ठेवून घेतली तर चालेल का, असं नव्या शिक्षिकेनं फोनवर विचारलं. मी साफ नाही म्हणालो. एक दिवस आणतो, तिच्याजवळ बसतो आणि सुटी झाली की घरी नेतो, एवढंच जमेल.

"तसं तर तसं," मिस डोरन म्हणाली. "तुम्ही नक्की या."

लवॉन माझी बायको, याच शाळेत शिकवायची. बैलगाडीत संसार भरून नेब्रास्काच्या माळावर आलेल्या लोकांची गोष्ट ती दर वसंतात चौथीला वाचून दाखवायची. पुस्तक संपलं की मुलांना एक दिवस तसं जगायला लावायची. त्या दिवशी ही पेटी शाळेत जायची. ती तिच्या पणजीची. आत पाटी, सुती टोपी, लोण्याचा लाकडी साचा आणि चिंधीची बाहुली. लवॉनला जाऊन आता दोन हिवाळे झाले. या मुलांनी तिला पाहिलेलंही नव्हतं.

मिस डोरननं वर्गाच्या फरशीवर निळी चिकटपट्टी लावून गाडी आखली होती. लवॉन खडूनं आखायची.

आधी लोणी. साय भरलेल्या बरण्या मुलं हलवत होती. लवॉन त्यांच्याकडून गाणं म्हणवून घ्यायची. मिस डोरननं फोनवर व्हायोलिनची धून लावली आणि मुलं उड्या मारायला लागली. लोणी येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. ते आलं, आणि लवकर आलं. बिस्किटावर लावून एकानं मला दिलं.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

"मिस, मीठ कमी आहे म्हणतायत!"

"मग घाला की," ती हसत म्हणाली. मुलंही हसली. लवॉनच्या वर्गात मुलं इतकी हसायची का, हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी आलोच नव्हतो.

मग गाडी भरली. पिठाचं पोतं म्हणून उशी, शेगडी म्हणून खोकं, नांगर म्हणून झाडू, शिवाय लवॉनची पेटी आणि खुर्चीवर आजोबा म्हणून मी. मुलंही आत दाटीवाटीनं बसली.

"नदी आली!" मिस डोरन ओरडली. "ओझं जास्त आहे. एक काहीतरी उतरवा, नाहीतर सगळे बुडाल."

"पीठ टाका."

"मग खाशील काय? तुझे बूट?"

"नांगर?"

"वेडा आहेस का? तिकडे जाऊन काय हातानं उकरणार?"

"ती पेटी टाका," मागून कुणीतरी म्हणालं. "नुसती बाहुली न् टोपी तर आहे."

मी पेटीवर हात ठेवला. "ही नाही."

"असं नाही चालत, मिस्टर कोपेकी," मिस डोरन म्हणाली. "काहीतरी टाकावंच लागतं."

"ही नाही म्हटलं ना."

ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात जोलीन नावाची एक मुलगी पुढे आली. पुढचे दोन दात पडलेले.

"मग तुम्ही उतरा."

"जोलीन!"

"पण मिस, पुस्तकात आहे. गाडी सामानासाठी असते. माणसं बाजूनं चालतात."

"ते म्हातारे आहेत गं," एकजण म्हणाला.

"पाय आहेत ना त्यांना?"

लवॉनसुद्धा हे सांगायची. जेवताना सांगायची, बाया अर्धा देश चालत आल्या म्हणून. मी मान न उचलता जेवत राहायचो.

मी उठलो आणि निळी पट्टी ओलांडून बाहेर आलो. आतली मुलं पेटी मधे घेऊन बसल्या बसल्या पुढे सरकायला लागली. मी बाजूनं चालू लागलो. जोलीनही उतरली.

"तू कशाला?"

"बैल माझे आहेत. आणि हळू चाला, धाप लागेल तुम्हाला."

फळ्यापर्यंत गेलो. तिथं नदी संपत होती. पेटी कोरडी राहिली होती.

सुटी झाल्यावर मिस डोरन पेटीचं झाकण लावून म्हणाली, "चला, तुमच्या पिकअपपर्यंत धरू लागते."

तिच्या बाहीला लोणी लागलं होतं. लवॉनच्याही बाहीला लागायचं. मला मिस डोरनचा अजून रागच येत होता.

"राहू दे इथेच," मी म्हणालो.

"कायमची?"

"हो. पण ती निळी पट्टी काढा. खडूनं आखत जा."

"खडूची रेघ मुलांच्या पायानं पुसते हो."

"पुसू दे. लवॉन परत आखायची."

पेटीसाठी पिकअपची मागची फळी मी उघडीच ठेवून आलो होतो. ती लावली आणि घरी गेलो.