बुधवारचा सॅल्मन

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता नत्थुजींनी फ्रीजमधून मासा बाहेर काढला आणि त्यांची परीक्षा सुरू झाली. वय एकाहत्तर. उभं आयुष्य वलगाव रोडवरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेलेलं, आणि स्वयंपाकघराशी संबंध एवढाच की माठ तिथं असतो. असल्या माणसाची स्वयंपाकाची परीक्षा कोणी घ्यावी? त्याच्या पोरीनं. गीतांजली अकोल्याच्या एका शाळेत शिकवते, तेव्हा परीक्षा घेणं तिच्या हाडीमाशी खिळलेलं आहे.

बायकोला, पार्वताबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. राजापेठेतल्या त्या तीन खोल्यांत नत्थुजी आता एकटेच. दोन वेळा खानावळीचा डबा यायचा. त्यातली अर्धी पोळी ते खायचे आणि उरलेलं गल्लीतल्या कुत्र्यापुढं ठेवायचे. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं होतं आणि नत्थुजींचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. डॉक्टरांनी मासे खायला सांगितले. मग एके दिवशी गीतांजलीनं फोनवर निर्वाणीचंच सांगून टाकलं.

"बाबा, बुधवारी माझं अमरावतीले ट्रेनिंग आहे. संध्याकाळी घरी येईन, मुक्कामाले. तुमी तुमच्या हातानं करून मले जेवू घाला. जमलं त खुशाल रहा तिथं. नाही जमलं त मी तुमाले अकोल्याले घेऊन जाईन, मंग तुमचं काही ऐकणार नाही."

"घेऊन जाशीन! मी काय तुमच्या शाळेतला पोट्टा हाव?" नत्थुजी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघत बसले.

त्यांना स्वतःला काय हवं होतं? खरं सांगायचं तर त्यांना ठाऊक नव्हतं. लोक म्हणत, नत्थुजींनी दुःख फार धीरानं घेतलं. कसला धीर? दहाव्याला ते रडले नाहीत, तेराव्यालाही नाहीत, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही. आत सगळं बधिर होतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसे ते आठ महिने हिंडत होते. राहिले काय, गेले काय, सारखंच.

पण हरायचं मात्र नव्हतं. फिटरचा ताठा मेल्यावरही जात नाही.

सॅल्मनची, म्हणजे त्या केशरी विलायती माशाची शक्कल नातीची. आचल पुण्यात नोकरी करते आणि कामावरून आल्यावर रोज काय रांधायचं यावर तिला पक्की तोड सापडलेली आहे. "आजोबा, फोडणी नाही, रस्सा नाही, वाटण नाही. मासा ओव्हनमध्ये ठेवायचा आणि पंधरा मिनिटांत जेवायला बसायचं," ती म्हणाली, आणि फोनवरूनच मासा मागवूनही मोकळी झाली. शनिवारी थर्माकोलचा डबा दारात आला. आत बर्फासारखे सहा तुकडे. शेजारचा नागसेन बघायला आला. रोहू-कतला खाऊन वाढलेला माणूस तो. त्यानं एक तुकडा उजेडात धरला आणि म्हणाला, "काका, हा मासा हाय का गाजर?"

ओव्हन घरात होता. दिवाळीची नानकटाई करायला पार्वताबाईंनी हट्टानं घेतलेला. पण घरात मासा-मटण शिजवायचं नाही हा त्यांचा नियम. ज्याला खायचं असेल त्यानं मागच्या वऱ्हांड्यात, वेगळ्या भांड्यांत करून खावं. नत्थुजींनी ओव्हन उचलला, मागे स्टुलावर नेऊन ठेवला आणि लांब वायर ओढून घेतली. मग त्यांच्या ध्यानात आलं की आता या ओव्हनमध्ये परत नानकटाई करता यायची नाही. आणि लगेच हेही ध्यानात आलं की ती करणारंच कोणी नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी नीट समजून घेतल्या आणि प्लग लावला.

रविवारी पहिला प्रयोग झाला. आपल्याकडं मासा म्हणजे तिखट-मसाला थापायचा आणि शिजव शिजव शिजवायचा, कच्चा राहिला तर पोट बिघडतं. नत्थुजींनी तो चाळीस मिनिटं ठेवला. बाहेर आला तो चोथा. कुत्र्यानंही त्याच्याकडं दोनदा पाहिलं, मग खाल्ला. सोमवारी व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं तसं अगदी दोनशेवर बारा मिनिटं ठेवला, तर मधून कच्चा. इथं मात्र फिटर जागा झाला. नत्थुजींनी जुन्या कामाच्या पेटीतलं तापमापक काढून आत ठेवलं आणि पाहिलं, तर काटा दाखवत होता दोनशे आणि आत होते एकशे सत्तर. वर्षानुवर्षं पार्वताबाई म्हणायच्या की नानकटाईला वेळ फार लागतो. तेव्हा नत्थुजींनी एकदाही उठून पाहिलं नव्हतं. मंगळवारी त्यांनी काटा दोनशे तीसवर ठेवला आणि मासा जमला.

तर बुधवार. सहा वाजता दोन तुकडे बाहेर काढले. सकाळपासून खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ उतरवलेला होता. जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं दोन्हीकडून टिपून कोरडे केले, कारण ओला मासा भाजत नाही, नुसता वाफाळतो. वरून तेलाचा हात फिरवला. मीठ, ठेचलेला लसूण, मिऱ्यांची जाडसर पूड, बस. तिखटाच्या डब्याकडं हात गेला होता तो त्यांनी मागं घेतला. कुकरला भात लावला, कांदा-टमाट्याची कोशिंबीर केली. कांदा जाड चिरला गेला, पण पोरीला चालला असता.

साडेसातला गीतांजली आली. खांद्याला बॅग, हातात ट्रेनिंगची फाईल, चेहरा दिवसभराच्या भाषणांनी आंबलेला. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरात डोकावलं, मग मागं आली.

"हे काय बाबा, ओव्हन इथं?"

"तुया आईचा नियम."

ती पाय धुवायला गेली. नत्थुजींनी ओव्हन आधी दहा मिनिटं नुसता तापवला, मग बेकिंगच्या कागदावर ठेवलेले तुकडे आत सरकवले आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे राहिले. बाराव्या मिनिटाला काटा-चमच्यातला काटा घेऊन जाड भागात दाबला. पापुद्रे अलगद सुटले. मधोमध अजून थोडा ओलेपणा होता, तो तसाच हवा. बाहेर काढल्यावरही मासा आपल्याच उष्णतेनं शिजत राहतो, ही गोष्ट त्यांना व्हिडिओतल्या बाईनं नाही, रविवारच्या चोथ्यानं शिकवली होती. वर ताट झाकून पाच मिनिटं थांबले, लिंबू पिळलं आणि वाढलं.

गीतांजलीनं पहिला घास घेतला. नत्थुजी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "लोण्यावानी झाला."

"मंग?"

"काही नाही." तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. चौथ्याला थांबली. "तुमाले जमलं."

"जमन नाही त काय!"

नत्थुजींनीही खाल्लं. मऊ होता, लिंबाची चव होती. जिंकल्यावर माणसाला काहीतरी वाटायला हवं म्हणून त्यांनी वाट पाहिली. काही वाटलं नाही. त्यांनी भातावर कोशिंबीर घेतली.

"तरी मी विचारते," गीतांजली ताटात बघत म्हणाली. "चालता का अकोल्याले? मागची खोली मी मोकळी केली. रंग देला. बाथरूममध्ये धरायले दांडा लावला."

"नाही वं. मी इथं बरा हाव," नत्थुजी म्हणाले.

आता इथं आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा माणूस आमच्याकडं हावरा ठरतो. पंगतीत वाढणारा आला की पहिल्यांदा ताटावर हात आडवा धरायचा. दुसऱ्यांदा नको-नको म्हणत मागं सरकायचं. तिसऱ्यांदा वाढणाऱ्यानं विचारायचंच नाही, सरळ हात बाजूला करून ताटात टाकायचं, आणि मग खाणाऱ्यानं कुरकुरत का होईना पण सगळं संपवायचं. नत्थुजी जन्मभर असेच जेवले, असेच पाहुणे गेले, लग्नालासुद्धा असेच तयार झाले. त्यांचं पहिलं नाही हे नाही नसतं. पार्वताबाईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ताटं उचलली. गीतांजली मोरीत ट्रे घासायला बसली आणि नत्थुजी पाणी ओतत उभे राहिले.

"एकदा विचार करून पाहा, बाबा."

"काहून तुमाले त्रास?" ते म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्या छातीत काहीतरी धडधडतं आहे. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. खोलीला रंग कोणता दिला असेल, खिडकी कुठल्या बाजूला असेल, जावई सकाळी पेपर पहिला कोणाला वाचू देतो, असलं काहीबाही डोक्यात येऊ लागलं. हातात तांब्या धरून ते तिसऱ्या वेळेची वाट पाहत राहिले.

गीतांजलीनं ट्रे पालथा घातला. पदराला हात पुसले.

"बरं," ती म्हणाली. "मी जबरदस्ती नाही करत. आईनं जनमभर तुमचं सगळं ठरवलं. आता तुमचं तुमी ठरवा. मले वाटलं होतं तुमी उपाशी मराल इथं, पण तुमी त माह्यापेक्षा चांगलं करता." ती हसली, पण डोळे पुसल्यासारखं केलं. मग बाहेरच्या खोलीत जाऊन नवऱ्याला फोन लावला. "अमोल, बाबा नाही म्हणाले. हो, दोनदा विचारलं. नाही, चांगले आहेत, मस्त आहेत. तो पलंग परत घेईन का दुकानवाला, ते विचारून ठेव."

नत्थुजी मोरीत उभेच होते. गेले आठ महिने जे काही बधिर होतं ते एका जागी उतरलं आणि तिथं भीती निघाली. साधी, लहान पोराला वाटते तशी भीती. आपण उद्यापासून रोज मासा भाजणार, रोज तो मऊ होणार, आणि तो मऊ झाला हे आपल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. जाऊन सांगावं असं त्यांना वाटलं. सांगायचं काय? की पोरी, तिसऱ्यांदा विचार? असं कोणी म्हणतं का! त्यांनी दिवा घालवला आणि झोपायला गेले.

सकाळी साडेसहाला ते तिची बॅग घेऊन तिच्याबरोबर राजापेठच्या स्टँडवर आले. गीतांजली वाटभर बोलत होती. मीठ जरा कमी टाकत जा, डॉक्टरकडं पंधरा दिवसांनी जा, खानावळीचा डबा आता बंद करा. नत्थुजी हूं-हूं म्हणत होते. अकोल्याची गाडी लागलेलीच होती. ती चढली, मागून हे चढले, बॅग वर ठेवली. ती खिडकीशी बसली.

"झालं, बाबा. उतरा आता."

नत्थुजी तिच्या शेजारच्या सीटवर बसले.

"बाबा, गाडी सुटून राहिली."

"सुटू दे."

गीतांजलीनं त्यांच्याकडं पाहिलं. अंगात घरातला बनियन, वर नुसता शर्ट अडकवलेला, बटणं निम्मी उघडी, पायात स्लिपर. ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं आणि गाडी मागं सरकू लागली.

"घराले कुलूप लावलं का?" तिनं हळूच विचारलं.

"नागसेनले फोन कर. तो लावीन." त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. "मले नाही राहवत तिथं, गीता. मासा होते मस्त, पण मले नाही राहवत."

 तिनं त्यांचा हात दांडीवरून सोडवून आपल्या मांडीवर घेतला. गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा कंडक्टर मशीन घेऊन त्यांच्यापाशी आला.

"कुठं जायचं, आजोबा?"

गीतांजलीनं तोंड उघडलं, पण नत्थुजी आधी बोलले.

"अकोल्याले," ते म्हणाले. "पोरीनं बोलावलं."