पहिली घंटी

रुख्मिणीबाईच्या घरात एक कायदा होता. तिचा फोन आला, की पहिल्या घंटीला उचलायचा. मग लेक भाऊराव वावरात असो, सून अनुपमा चुलीपुढे असो, की नातू शिवम नांदुऱ्याला कॉलेजात असो. "दुसरी घंटी वाजली म्हणजे माणूस मेलं असं समजा," हे ती साऱ्या गल्लीला ऐकवायची.

गेल्या वर्षी शिवमने उशिरा उचलला, तर तिने आठवडाभर अबोला धरला. पोरगं ताट घेऊन तिच्यापुढे रडकुंडीला आलं, तेव्हा कुठे बोलली. तेव्हापासून घंटी वाजायचा अवकाश, त्याचा हात आपसूक खिशाकडे जायचा.

मग समोरच्या सहदेवचा पोरगा गोविंदा गेला. कडबा भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती, तिच्यावर मोटरसायकल आदळली. फोन कानाशीच होता म्हणे. शिवमच्याच वयाचा, मिसरूडही धड फुटलं नव्हतं.

रुख्मिणीबाई संध्याकाळी भेटायला गेली. अशा घरी तरी जीभ आवरावी, पण बाईच्या जिभेला हाड कुठलं! गोविंदाची आई पुष्पाबाई भिंतीशी बसली होती. तिच्यादेखतच ही बोलून गेली, "लायसन नाही, अक्कल नाही, अन् गाडी देता लेकराले. वरून हाती फोन. मंग काय होईन?"

पुष्पाबाईने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"फोनवर खेळत नव्हता तो, काकू. म्याच लावला होता फोन. येतानी मिरच्या आण म्हणून."

तिने समोरच्या घराकडे बोट केलं.

"तुमच्या शिवमचं पाहून आम्हीबी लेकराले तेच वळण लावलं. पहिल्या घंटीले उचलला त्यानं. लय ऐकणारा होता माहा गोविंदा."

रुख्मिणीबाई उठली. तशीच घराकडे निघाली. चपला तिथेच राहिल्या.

घरी अनुपमा फोन लावायच्या बेतात होती. "शिवम निघाला का पाह्यतो, आत्याबाई. मंग भाकरी टाकतो."

"ठेव तो!" सासूने फोन हिसकावला. "रस्त्यात असन तो. कोणीच लावाचा नाही."

भाऊरावचाही फोन तिने काढून घेतला. तिन्ही फोन ओटीत घेऊन दारात बसली, वाटेकडे डोळे लावून. शिवम आला की आधी हेच सांगायचं: गाडीवर असलास तर मी मेली तरी उचलू नको. ती मनात जुळवत होती. त्यात 'माझं चुकलं' कुठे बसवावं, तेवढं जमत नव्हतं.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. शिवम. तिने पहिल्या घंटीला उचलला. कायदा तिलाही होताच.

"आजी, येऊन राह्यलो. तपकीर आणू का तुले?" आवाजात वारा भरलेला.

"गाडी चालवून राह्यला का बे?"

"हो. बोल ना."

"ठेव! ठेव आंधी!" असं ओरडून तिनेच फोन कापला.

"काऊन कापला, आत्याबाई?" अनुपमा घाबरली. "त्याले वाटन, तुम्ही रागावल्या."

तिचं बोलणं संपतं न संपतं तोच फोन पुन्हा वाजला. आजीने फोन कापला म्हणजे पुढे अबोला, हे पोराला पक्कं ठाऊक. आजीचा वाजायचा थांबला की अनुपमाचा वाजे, तो थांबला की भाऊरावचा. ओटीत निखारे पडावे तसं झालं. उचलावा तर पोराचा एक हात फोनवर. न उचलावा तर पुन्हा लावायला हात फोनवरच, आणि डोळेही.

"माय, उचल, अन् म्हण गाडी बाजूले लाव!" भाऊराव खेकसला.

तिने उचलला. त्या घरात फोन पहिल्यांदाच शेवटच्या घंटीला उचलला गेला.

"बाबू, उभा राह्य! उभा राह्य, राजा!"

"आजी, मी..." एवढंच आलं. मग लांबलचक हॉर्न, पत्रा घासत जावा तसा आवाज, आणि मग नुसता वारा. बऱ्याच वेळाने कोणी परका माणूस दुरून ओरडला, "अरे, पाय! पाय अडकला हाये पोराचा!"

खामगावच्या दवाखान्यात शिवमचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. रुख्मिणीबाई खाटेशी बसून होती. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "नशीब, जीव तरी वाचला." एरवी अशा माणसाला तिने उभा सोलला असता. आता ऐकून घेत होती.

शिवमचा काच फुटलेला फोन कोणीतरी आणून उशाशी ठेवला होता. दुपारी तो वाजला. विचारपूस करणारा कोणी पाहुणा असेल.

पोराचे डोळे मिटलेलेच होते, गुंगी उतरली नव्हती. पण सलाईन लावलेला हात चादरीवरून उठला आणि चाचपडत, घाईघाईने उशाकडे निघाला. पहिल्याच घंटीला.

रुख्मिणीबाईने तो दोन्ही हातांनी धरला, दाबला. हात ऐकेना.

"वाजू दे, बाबू," ती म्हणाली. "तुही आजी सांगून राह्यली. वाजू दे."

हात तिच्या मुठीतून ओढ घेतच राहिला.