एक भरती थांब

सूर्य होता, पण शिशाचा. जड, गार, राखाडी. आभाळ राखाडी, दलदल राखाडी, दलदलीतल्या मेंढ्या राखाडी. आणि त्या राखाडीच्या काठावर पांढऱ्या भिंतींचे एक गाव, समुद्रापलीकडच्या इंग्रजांचे, फ्रान्सच्या किनाऱ्याला सुईने टाचल्यासारखे.

दोनशे वर्षे टाचलेले.

लोकरीचे गाव. भिंतींना लोकरीचा वास, भाकरीला लोकरीचा वास, प्रार्थनेलासुद्धा. आणि एक नियम, भिंतींहून उंच: इंग्रज रक्ताचा नाही, त्याने सांजघंटेनंतर आत राहायचे नाही.

हॅमंड इंग्रज होता. त्याची बायको ग्रीटा दलदलीतली, पाणकणसांच्या सळसळीत वाढलेली. म्हणून त्यांचे घर ना आत, ना बाहेर. बांधावर. उघाडीपाशी.

उघाडी म्हणजे समुद्राला अडवून धरणारे ओकाचे दार. हॅमंड त्याचा राखणदार. दार मिटलेले, तोवर कुरण. दार उघडले

की समुद्र.

त्या पहाटे क्षितिजावर भाल्यांची काळी रेघ उगवली. फ्रेंचांची फौज. किल्लेदाराचा हुकूम आला: सकाळच्या भरतीला उघाडी उघड, दलदल बुडव, गावाला पाण्याचा तट घाल.

दलदलीत, कोसभर आत, ग्रीटाचा म्हातारा बाप राहत होता. लाम्बर्ट. गाभण मेंढ्यांपासून हलेना. त्याने निरोप धाडला होता: गावात घेणार असतील तर निघतो, नाहीतर तुमच्या बांधावर मरण्यापेक्षा माझ्या मेंढ्यांत बरा.

हॅमंड टोपी हातात घेऊन वेशीखाली उभा राहिला. सासऱ्याला आत घ्या, चार दिवस, फक्त चार दिवस, म्हणाला. किल्लेदाराने वरून नियम सांगितला. शेजारचा पहारेकरी हसला.

"सासऱ्याला पोहायला शिकव म्हणावं."

तो परतला तेव्हा भरती दाराला धडका देत होती. समुद्री वाऱ्याने फुगलेली, पुरुषभर उंच, फेसाळ, अधीर. ग्रीटा उघाडीचे दार वर ओढणाऱ्या रहाटाला पाठ लावून उभी होती.

"मी बाबांना आणायला माणूस पाठवलाय. एक भरती थांब."

"वरून हाका मारतायत, ग्रीटा."

"ते चालायला हळू आहेत, हॅमंड. मरायला नाहीत."

तो थांबला.

भिंतीवरून हाका आल्या, शिव्या आल्या, एक दगड आला. तो थांबला. भरतीने दार ठोठावले, ठोठावले, ठोठावले, आणि ती परत फिरली. मागे ओला चिखल. चिखलावर कोणाचीच चाहूल नाही. पाठवलेला माणूस एकटाच परतला. म्हातारा एका अडलेल्या मेंढीपाशी बसला होता. ती मोकळी झाली की येतो, म्हणाला होता.

सांजेची भरती आली. पण वारा फिरला होता. आता तो जमिनीवरून वाहत होता, कोरडा, बर्फगार, सुरीच्या पात्यासारखा, आणि समुद्राला मागे ढकलत होता. हॅमंडने रहाट फिरवला. ग्रीटाने हात धरला नाही. तोंडही वळवले नाही.

पाणी आत शिरले. घोटाभर. कुठे गुडघाभर. कुरणावर पसरले, मेंढवाटांवर पसरले, पातळ, मूक, संकोची. आणि मध्यरात्री वारा पडला आणि ते पाणी जिथल्या तिथे

गोठले.

दुसरी सकाळ. काच. नजर पोचेल तिथवर काच, निळसर, निष्ठुर, निखळ.

काचेवर एक ठिपका होता.

ठिपक्याची काठी झाली, काठीचा माणूस झाला, माणसाच्या छातीशी अवेळी जन्मलेले ओले कोकरू. साठ वर्षे ही दलदल तुडवलेला माणूस. कुठे खोल, कुठे कठीण, त्याच्या तळव्यांना ठाऊक.

"बाबा," ग्रीटा म्हणाली, आणि धावत सुटली.

हॅमंड धावला नाही. त्याला म्हाताऱ्यामागचे धुके दिसत होते. काठी बर्फावर टेकत होती, ऐकत होती, पुढे सरकत होती. काठी, मग पाऊल. काठी, मग पाऊल. आणि मागे, त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवत, सावकाश, रांगेने, धुक्यातून उन्हात एकेक उजळत,

भाले.