अक्षता आणि पंखा

मित्रांनो, मी एक जुना संगणक. माकणीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत, फळ्याखाली बसलेला. आलो तेव्हा काय थाट होता माझा! पोरं चपला बाहेर काढून मला बघायला यायची. पुढं नवे लॅपटॉप आले, आणि माझ्याकडं फिरकायची ती फक्त खडूची पूड.

मग नववीतली शिवप्रिया आली. प्रोग्रॅममध्ये एखाद्या कामाला कसं बोलावलं की वेळ कमी लागतो, हे तिला विज्ञान प्रदर्शनात मोजून दाखवायचं होतं. मैत्रिणीला, आरोहीला ती सांगायची, "शाळेतल्या इरम्मा मावशीला थेट हाक मार, लगेच ओ देते. मावशी कुठंय हे आधी दुसऱ्याला विचारलं तर जरा उशीर. अन् मावशी वाशीला गेली असंल तर फोनच लावावा लागतो. लई उशीर."

या तिन्ही हाका ती मला लाखो वेळा मारायला लावायची. लॅपटॉप इतके चपळ, की पहिल्या दोन हाकांतला फरक त्यांच्यावर दिसेचना. माझ्यासारख्या मंदाकडं मात्र तो लख्ख दिसला! सर म्हणाले, "ह्याला भंगारात द्यायचं ठरलं होतं. प्रदर्शनात नीट चालला तर राहू दे."

प्रदर्शनाच्या सकाळी तिनं मला विभूती लावली, फूल वाहिलं आणि दसऱ्याला टाकतात तशा मूठभर अक्षता डोक्यावर टाकल्या. माझ्या डोक्यावर हवेची जाळी असते, मित्रांनो. दाणे आत घरंगळले, पंखा अडला. मला सांगता कुठं येतं?

परीक्षक आले तोवर मी तापलो होतो. फोनची हाक झाली, विचारून मारलेली झाली. शेवटी थेट हाक. ओ देता देता मी मेटाकुटीला आलो, आणि विचारून मारलेल्या हाकेपेक्षा तिलाच जास्त वेळ लागला. परीक्षक हसले. "मधे माणूस घातला की मावशी लवकर येते व्हय तुमच्याकडं?"

शिवप्रिया पुन्हा मोजायला गेली, तेवढ्यात मी विझलो.

शाळेत परतल्यावर तिनं माझं झाकण उघडलं. पात्यांत कुंकवाचे तांदूळ. ती हळूच आरोहीला म्हणाली, "मीच टाकल्या की गं ह्या." तिनं एकेक दाणा वेचला, वर्षानुवर्षांची पूड पुसली, बटण दाबलं. मला ओ देता येईना.

तिच्यावर माझा राग नाही. इतके दसरे फुलं वाहिली सगळ्यांनी. आत डोकावली ती एकटीच. मित्रांनो, आमच्यावर माया असेल तर फूल बाजूला ठेवा आणि कोरड्या ब्रशनं पंखा तेवढा झाडा.

आता मी व्हरांड्यात भंगारवाल्याच्या टेम्पोची वाट बघतोय. शाळा सुटली की शिवप्रिया येते, वायर जोडते आणि एकदा बटण दाबून बघते.