मागे जायची सोय

कमरेने साथ सोडली आणि मास्तरांना गाडी शिकवणं थांबवावं लागलं. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. रिकामपण त्यांना सोसेना. ते स्वयंपाकघरात लुडबुड करू लागले, डब्यांच्या जागा बदलू लागले, तेव्हा बायकोनेच फर्मान काढलं, "लेकीच्या शाळेत जा आणि काहीतरी शिका. माझे डबे सुटतील."

लेकीची शाळा म्हणजे एका बँकेच्या वरच्या मजल्यावरचं मोठं दालन. तिथे प्रोग्रॅमिंग शिकवत, पण वर्ग भरत नसे की घंटा होत नसे. जो तो आपापल्या धड्यावर. धडा आला असं वाटलं की परीक्षकासमोर बसायचं आणि आपला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगायचा. निकाल दोनच: "पुढे" किंवा "अजून नाही". एकाच धड्यावर कुणी महिनाभर मुक्काम ठोकला तरी कुणी भुवई उंचावत नसे. परीक्षक दोघे. एक मास्तरांची लेक आणि दुसरा एक दाढीवाला तरुण.

पहिले धडे मास्तरांनी झपाट्याने उरकले. मग फंक्शन आलं. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला छोटा कामगार. त्याला आकडे द्यायचे, तो उत्तर काढून देतो. मास्तरांनी पेट्रोलचं फंक्शन लिहिलं. अंतर दिलं की किती लिटर लागेल ते पडद्यावर उमटे.

"आता जाण्याचं आणि येण्याचं पेट्रोल काढून बेरीज करा," लेक म्हणाली.

बेरीज होईना. पडद्यावर नुसती लाल अक्षरं.

"उत्तर तर समोर दिसतंय की," मास्तर म्हणाले.

"दिसतंय. पण पुढच्या ओळीला मिळालंय का?"

"म्हणजे?"

"तेच शोधायचंय. अजून नाही. तुम्ही परत या."

घरी 'बाबा, तू' म्हणणारी पोर इथे 'तुम्ही' म्हणते, याचाच त्यांना जास्त राग आला.

दुसऱ्या खेपेला बेरीज बरोबर आली. लेकीने एका ओळीवर बोट ठेवलं. "ही काढली तर काय होईल?"

"चालणार नाही."

"का?"

मास्तर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. "ते नाही माहीत. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी घातली होती, म्हणून मीही घातली."

"अजून नाही."

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी लेकीने पुढे केलेली भाजीही घेतली नाही. लेक लवकर उठली. बायको म्हणाली, "तिला गाडी शिकवताना चढावर तिच्या डोळ्यांतून पाणी काढलंत. तेव्हा मी काही बोलले का?"

"ती गाडी होती," मास्तर म्हणाले, आणि पानावरून उठले.

लेक सुटीवर असलेला दिवस त्यांनी हेरला आणि दाढीवाल्यासमोर बसले. तो भिडस्त होता. प्रोग्रॅम चालला, काकांनी आत्मविश्वासाने चार वाक्यं टाकली, आणि त्याने मान डोलावली. "पुढे, काका."

पुढच्या धड्यात एक फंक्शन दुसऱ्याला उत्तर देतं आणि ते तिसऱ्याला. मास्तरांच्या पायाखालची वाळू सरकली. इकडची ओळ तिकडे करून पाहिली, बाईंच्या पडद्याकडे डोकावून झालं. कधी चाले, कधी नाही, आणि चाललं तरी का चाललं ते कळेना. ज्याला ब्रेक कुठे आहे ते ठाऊक नाही अशा माणसाला आपण रहदारीत कधी सोडलं नसतं, हे त्यांच्या मनात आलं आणि ते उठले.

"मला मागच्या धड्यावर जायचंय," ते लेकीला म्हणाले.

तिने संगणकात पाहिलं. पुढे जायचं बटण होतं, मागे जायचं नव्हतं. "आजवर कुणी मागितलंच नाही," ती म्हणाली.

"मग आता मागतोय."

दाढीवाला ओशाळून जवळ आला. "काका, तुम्ही वडीलधारे, म्हणून मी जास्त खोदून विचारलं नाही."

"पुढच्या वेळी विचार. मान ठेवायचा तर तसा ठेव," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता.

लेकीने बटण बसवलं आणि मास्तर फंक्शनच्या धड्यावर परतले. ती उसनी ओळ त्यांनी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. चौथ्या दिवशी जेवणाच्या वेळी ते एकटेच हसले. लगेच लेकीसमोर जाऊन बसले.

"माझा कामगार उत्तर तोंडाने सांगत होता, हातात देत नव्हता," ते म्हणाले. "ऐकणारा मी होतो, म्हणून मला वाटलं काम झालं. पुढच्या ओळीला कान नाहीत. तिला हातातच द्यावं लागतं. ते देण्याचं काम ही ओळ करते."

लेकीने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग नेहमीच्याच सुरात म्हणाली, "आणि त्या ओळीच्या खाली अजून एक लिहिली तर?"

मास्तरांनी विचार केला. "माहीत नाही. करून बघू?"

"बघा."

त्यांनी खाली पडद्यावर 'संपलं' दाखवणारी एक ओळ लिहून प्रोग्रॅम चालवला. ती ओळ काही पडद्यावर आली नाही. त्यांनी ती पुन्हा वाचली. "हातात दिलं की कामगार निघून गेला. खालचं वाचायला थांबलाच नाही."

"पुढे," लेक म्हणाली आणि हसू लपवायला पडद्याकडे वळली.

बटण तसंच राहिलं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या बाईंनी ते दाबलं आणि त्या फंक्शनच्याच धड्यावर येऊन बसल्या. "ती ओळ मीही कुठूनतरी उचललेलीच होती हो," त्या मास्तरांना म्हणाल्या. मास्तरांनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, पण कीबोर्डला हात लावला नाही.