न आलेल्या वजनाची स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. घरामागच्या गॅरेजच्या दाराला मला टेकू म्हणून लावले आहे. वाऱ्याने दार आपटू नये, एवढीच आता माझी नोकरी.

माझा जन्म भट्टीत झाला. अंगठ्याएवढी जाड सळई लालभडक तापवून गोल गुंडाळली, तेलात बुडवली आणि ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा मंद आचेवर शेकली. शेवटी यंत्राने मला पूर्ण दाबून सोडले. मी होते तेवढीच उंच उभी राहिले. तपासनीस म्हणाला, "ही जड गाड्यांची. हिला ओझं लागतं." मला ते कौतुक वाटले.

एके दिवशी दुकानात एक नवरा-बायको आले. नवऱ्याने खडकाळ वाटांवर चालणारा छोटा ट्रक घेतला होता, तोही वडिलांसाठी. वडिलांची उमेदीची वर्षे डोंगरमाथ्यावरच्या ठाण्यात पाऊस मोजण्यात गेली होती. ते ठाणे त्यांना एकदा पाहायचे होते, आणि वर जाणारी वाट म्हणजे नुसते दगड.

"गाडीवर रोज वजन किती असतं?" दुकानदाराने विचारले.

"भरपूर! पुढे पोलादी बंपर, छतावर तंबू, मागे पाण्याची टाकी."

"कुठे आहे हे सगळं?" बायको म्हणाली. "रोज गाडीत तू असतोस आणि तुझा डबा."

"अगं, घेणार आहे ना!"

"मग तेव्हा घे या स्प्रिंगा. आत्ता बाबांना बसायचंय."

"वहिनी, या स्प्रिंगांनी गाडी चार बोटं उंच होते," दुकानदार हसला. "रुबाब तर बघा!"

रुबाबच जिंकला. मी आणि माझ्या तीन बहिणी ट्रकखाली गेलो.

आमचा नियम साधा आहे. आम्ही दबतो, म्हणून दगडाचा धक्का आमच्यात जिरतो. पण हलक्या गाडीखाली कडक स्प्रिंग पुरेशी दबतच नाही. मग धक्का वर जातो, थेट बसलेल्याच्या पाठीपर्यंत. घोडे ओझ्याने मरते म्हणतात; माझी बदनामी ओझे नसल्याने झाली.

निघायच्या दिवशी वडिलांचा पाय पायरीपर्यंत पोचेना. मुलाने त्यांना काखेत धरून उचलून बसवले. शेजारी पाहत होते आणि म्हातारा मान खाली घालून बसला होता.

दगडांची वाट लागली. मला दबायचे होते. पण अंगावर ना बंपर होता, ना तंबू, ना टाकी.

"थांबव रे."

"बाबा, अजून निम्मी वाटही झाली नाही."

"माझी पाठ संपली. गाडी माझ्यासाठी केलीस, की डोंगराला दाखवायला?"

मणक्याला चीर गेली होती. डॉक्टरांनी गाडीत बसणे कायमचे बंद केले. मुलगा अंगणात येऊन ओरडला, "स्प्रिंगाच भिकार निघाल्या!" नाचता येईना, अंगण वाकडे.

मग त्याने आम्हाला उपटून काढले आणि मऊ, बुटक्या स्प्रिंगा बसवल्या. तो एकटाच डोंगरावर गेला आणि खुशीत परतला.

"पार वरपर्यंत गेलो. दगड कळलेसुद्धा नाहीत!"

"कळणार कसे?" बायको म्हणाली. "ज्यांना कळले, ते खाटेवर आहेत."

खाटेशेजारची खिडकी माझ्या समोरच उघडते. वडिलांचा आवाज आला, "ते पर्जन्यमापक अजून उभं आहे का रे?"

"बघितलं नाही, बाबा. गाडीकडेच लक्ष होतं."

खिडकी हळूच बंद झाली.

मित्रांनो, मला गंज चढला, त्याची तक्रार नाही. लोखंडाचे तेच होते. पण कधी स्प्रिंग निवडायची वेळ आली आणि कोणी वजन विचारले, तर उद्या घ्यायच्या वस्तू मोजू नका. आज शेजारी कोण बसणार आहे ते सांगा. आणि त्यांचा पाय पायरीला पोचतो का, ते घरी आधी पाहून या.