फाट्यावरचे आवाज

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तळहातावर मावेन एवढा, बिनकॅसेटचा, पोटात दोन सेल. चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या दुकानातून मला उल्का गोकर्ण यांनी घेतले. त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. मूळच्या जळगावच्या, इथे भाड्याच्या खोलीत एकट्याच. दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून घरी आल्या की टिपणे मला मराठीत सांगत. त्यांचे मराठी ऐकणारे दुसरे होतेच कोण?

त्या वर्षी डोंगरातल्या एका बाजारगावाला वळसा घालून नवा रस्ता झाला. व्यापार वाढला, असे तक्ते सांगत होते. मग गावातली निम्मी दुकाने बंद का, हा प्रश्न मॅडमना स्वस्थ बसू देईना. समाजशास्त्राच्या देवयानी मॅडमना घेऊन त्या दर शनिवारी बसने तिकडे जाऊ लागल्या. सहकारी हसत. "अर्थशास्त्र सोडून गप्पा गोळा करता की काय?"

फाट्यावर सत्यादेवी नावाची म्हातारी भेटली. मला तोंडाजवळ धरून म्हणाली, "बेटी, सड़क तो बढ़िया है. पर ट्रक अब रुकता नहीं. मेरी चार टोकरी मटर किसके साथ जाए?" मग ती गप्प झाली. ते गप्प राहणेही मी टिपले.

पुढे देवयानी मॅडमना पुण्यात नोकरी लागली. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहू लागली.

मॅडमनी या साऱ्याचा अहवाल लिहिला. त्यावरच्या सरकारी बैठकीत एक अधिकारी म्हणाले, "मॅडमजी, किस्से नहीं, आँकड़े दीजिए."

मॅडमनी आकडे मांडले. ट्रक थांबत नसल्याने एकशे बारा घरांचा माल गावातच सडत होता. मग त्यांनी माझे बटण दाबले. सत्यादेवी बोलून गप्प झाली, तरी कोणी कागद हलवला नाही.

"फिर से सुनाइए," तेच अधिकारी हळूच म्हणाले.

चार महिन्यांनी फाट्यावर ट्रक थांबायला जागा आणि माल ठेवायला शेड मंजूर झाली. "जिंकलास रे गड्या!" मॅडम मला म्हणाल्या. मी फुलून गेलो. त्यांनी देवयानी मॅडमना फोन लावला. तो कोणी उचलला नाही. मग त्यांनी एका कपाचाच चहा टाकला.

नंतर मोबाइल आला आणि मी खणात गेलो. सेल आतच राहिले. निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी खण आवरला, तेव्हा ते पाझरून माझे पोट हिरवे पडले होते. त्यांनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदाराने मला उलटेसुलटे केले. "मॅडमजी, ये अब नहीं बोलेगा."

सत्यादेवीचे बोलणे तेवढे कागदावर उतरवून घेतले होते. त्या गावात माझ्यापाशी बोललेल्या बाकी चाळीस माणसांचे "सवडीने करू" म्हणून राहून गेले. मॅडम दुकानाच्या पायरीवर मला हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या.

ती चाळीस माणसे अजून माझ्या पोटात आहेत, पण मला तोंड उघडता येत नाही. मित्रांनो, वस्तू बाजूला ठेवताना तिचे सेल आठवणीने काढा. आणि कोणी विश्वासाने तुम्हाला आपले दुखणे सांगितले, तर ते सवडीवर टाकू नका.